बरड

माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर होतं :
माती चांगली असेल तर रानफुलं येणार नाहीत.
चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
खत घालू नका. वरची माती काढून टाका.
जमीन उपाशी राहिली की गवत दबतं,
मग बाकीच्यांना जागा होते.

इल्कस्टनमधलं आमचं अंगण म्हणजे
दोन कुंपणांमधली बारा पावलं हिरवळ.
सव्वीस वर्षं ह्यांनी तिला खाऊ घातलं.
मार्चमध्ये दाणेदार खत, सप्टेंबरात दुसरं,
शनिवारी यंत्र फिरवून पट्टे,
एक गडद, एक फिका, इस्त्री केल्यासारखे.

हे कृष्णाकाठचे. काळ्या रानातले.
मुठीत माती घेऊन वास घेणारी माणसं.
मी माणदेशातली.
लग्नाच्या पंगतीत कुणीतरी म्हणालंच होतं,
बरडावरची पोरगी, काय उगवतं तिकडं?
उत्तर मी दिलं नव्हतं.
लहानपणी परकराच्या काठाला कुसळं अडकायची
तेवढं आठवलं,
पण ते काही उत्तर नव्हे.

ऑगस्ट सरताना कुदळ घेतली.
चार बोटं खोल, मऊ, गांडुळांनी भरलेली माती
ढकलगाडीत भरून भरून बाहेर.
ग्लेनिसनं कुंपणावरून विचारलं, कुणाला पुरतेयस?
म्हटलं, फुलं लावतेय.
मग ही माती मला दे, माझ्या गुलाबांना.
दिली. एकवीस फेऱ्या.
हे खिडकीत कप धरून उभे. चहा निवून गेला.
जेवताना म्हणाले, मीठ कमी आहे.
कमी नव्हतं.

मग बी. चपटी, तपकिरी, जखमेवरच्या खपलीसारखी.
यलो रॅटल म्हणतात.
गवताच्या मुळात मूळ घालून पितं,
दुसऱ्याच्या ताटातलं जेवतं,
तरी त्याला इथं उपरं कुणी म्हणत नाही.
इथलंच ते, पहिल्यापासूनचं.
हिवाळा अंगावर घेतल्याशिवाय मात्र फुटत नाही.
एवढं वाचलं आणि पाकिटावर हात ठेवून
थोडा वेळ बसून राहिले.

हिवाळाभर चिखल.
हे फोनवर भावाला सांगत होते,
हिनं अंगण खरवडलंय.
भाऊ हसला असावा,
कारण हे हसले नाहीत.

मार्चमध्ये कातरलेल्या कडांची पानं, नखाएवढी.
मे अखेर पिवळ्या चोची,
प्रत्येकीत एक गबदुल भुंगा डोकं घालून.
ऑक्सआय डेझी आली, भरपूर आली.
नॅपवीडचं एकच झाड.
काउस्लिपचं पाकीट वाया गेलं.
शेडजवळच्या कोपऱ्यात फूल नाही,
गवत मात्र गुडघ्याएवढं, गर्द.
गॅरेजमध्ये खताची जुनी पिशवी होती,
तिच्या तोंडाशी मारलेली गाठ
माझ्या हातची नव्हती.
विचारलं नाही.

जुलैत सगळं वाळलं, भुरं झालं.
वारा आला की आवाज यायचा.
आमच्याकडं माळावर खुळखुळा असायचा,
ते झाड वेगळं, शेंग वेगळी,
आवाज हाच.
मी तसं मोठ्यानं म्हणाले बहुतेक.
हे बाहेर आले, कानातलं यंत्र बोटानं नीट बसवलं,
वाकून एक बोंड हलवलं.
मग दुसरं.
मग खाली बसून बऱ्याच वेळानं म्हणाले,
विळा कुठाय?

कापलेलं गवत जागेवर ठेवायचं नसतं,
कुजून माती पुन्हा गबर होते.
म्हणून आधी झाडून बी पाडायचं, मग भारे उचलायचे.
जमीन गरीब ठेवायची म्हणजे
दरवर्षी एवढं काम.
कुंपणापलीकडं ग्लेनिस तक्रार करत होती,
गुलाबाला यंदा नुसती पानंच पानं.

संध्याकाळी हे मागच्या पायरीवर बसले,
एक पाय गुडघ्यावर घेऊन
पायमोज्यातली कुसळं उपटत,
एकेक, उजेडात धरून बघत.